घरच्या मशीनवर गोधडी



बहुतेक मराठी घरांत कपाटाच्या तळाशी एखादी जुनी सुती साडी असते. आजीची, पणजीची, कुणाची तरी. ती कुणी नेसत नाही आणि कुणाला टाकवतही नाही. आमच्या घरी अशा तीन होत्या. त्यांची गोधडी करायची असे ठरले. घरात शिवणाचे साधे मशीन होतेच. इंजिनिअरच्या घरात होते तसेच झाले, म्हणजे सुई चालण्याआधी वाचन आणि हिशेबच फार झाला. त्यातून जे कळले ते इथे लिहीत आहोत. साडी एकदा कापली की ती परत साडी होत नाही, तेव्हा कात्री हातात घेण्याआधी हे वाचलेले बरे.

पहिला प्रश्न मुलांचाच असतो: गोधडी आणि क्विल्ट एकच का? दोघी चुलत बहिणी आहेत असे म्हणू. क्विल्टला तीन थर असतात. वर तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग, खाली अस्तर, आणि मध्ये कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ गादीसारखा थर, ज्याला इथे बॅटिंग म्हणतात. आपल्या गोधडीत बहुधा बॅटिंग नसते. जुनी लुगडी, धोतरे, चादरी एकावर एक पसरायच्या आणि सगळे थर धावदोऱ्याने एकत्र शिवून टाकायचे. धावदोरा म्हणजे वर-खाली, वर-खाली जाणारा साधा हातटाका. कापडच ऊब आणि कापडच शोभा. देशावर अशा जाड गोधडीला वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी. अंगावर चिंध्यांची गोधडी वागवणाऱ्या गाडगेमहाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत ते यावरूनच.

गोधडी ही साडीची शेवटची अवस्था असे. त्याच्या आधीही एक पायरी होती, ती आता विसरली गेली आहे. लुगडे मध्यभागी विरले की ते तिथे कापून, विरलेला भाग काढून, चांगली टोके एकमेकांना जोडत. या जोडाला दांड म्हणतात. दांड घातलेले लुगडे आणखी काही वर्षे नेसले जाई, आणि तेही संपले की गोधडीत जाई. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे अस्तराच्या वेळी आपल्याला दांड घालायचा आहे.

अमेरिकेत हे परके नाही. अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी पिढ्यान्पिढ्या शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांची, जीनच्या पँटींची क्विल्टे केली, ती थंडीत पांघरायला. २००२ मध्ये ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागली आणि २००६ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. त्यांत गुडघ्याला विटलेली जागा आणि खिसा उसवल्यावर राहिलेला गडद चौकोन तसाच दिसतो. आपल्या वाकळेची सख्खी मैत्रीण शोभावी अशी ही चीज आहे. मुलांनी वाचनालयात गीज बेंडचे पुस्तक मागून पाहावे.

आता मशीनबद्दल. "मशीनवर शिवली तर ती गोधडी कसली?" असे म्हणणारे आपल्यात आहेत, आणि इथेही होते. दोन दोऱ्यांची टीप घालणाऱ्या मशीनचे पेटंट एलियस हाउ यांनी १८४६ मध्ये घेतले. घरोघरी मशीन आल्यावर तुकडे जोडायला ते सर्वांनी वापरले. आमिश लोकसुद्धा पायाने चालवायच्या मशीनवर तुकडे जोडत. पण थर एकत्र शिवायचे काम हातानेच करायचे, हा शिष्टाचार राहिला. १९८९ मध्ये केंटकीतील पडुका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या पूर्णपणे मशीनवर शिवलेल्या क्विल्टला पहिले बक्षीस मिळाले, तेव्हा बरीच खळबळ झाली. आज तो वाद जवळजवळ संपला आहे. आमचे मत असे की हात आणि मशीन यांत उच्चनीच काही नाही, मात्र दोघांची चाल निराळी आहे. ती चाल समजून घेतली नाही तर मशीन गोधडीला सुरकुत्या पाडते. या लेखातला मुख्य मुद्दा तोच, पण त्याआधी कापड आणि हिशेब.

साडीची परीक्षा सोपी आहे. कापड दोन्ही हातांत धरून, अंगठे शेजारी शेजारी ठेवून बेताने ताणावे, आधी उभे, मग आडवे. चर्र असा बारीक आवाज आला तर तो भाग बाद. उजेडासमोर धरले की विरलेली जागा आपोआप दिसते. कमरेशी खोचलेला आणि पायाशी घासणारा भाग जास्त झिजलेला असतो. पदर आणि निऱ्यांचा आतला भाग बहुधा शाबूत असतो. काठ घट्ट विणीचे असल्याने शेवटपर्यंत टिकतात. पातळ पण शाबूत भागाला मागून इस्त्रीने चिकटणारे हलके अस्तर लावले की तो मशीनला दाद देतो. रेशमी आणि जरीच्या साड्यांच्या वाटेला या कामात जाऊ नये. त्या घरी धुता येत नाहीत, आणि जुने रेशीम घडीवर चिरते. लाल आणि गडद निळ्या रंगाची आणखी एक परीक्षा: ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून धरावा. रुमाल रंगला तर रंग जाईपर्यंत साडी वेगळी धुवावी.

माप किती घ्यावे? आपल्या म्हणीत अंथरूण पाहून पाय पसरतात, इथे मशीन पाहून अंथरूण ठरवावे लागते. घरगुती मशीनच्या सुईच्या उजव्या हाताला जी मोकळी जागा असते ती साधारण सहा ते नऊ इंच. गोधडीचा अर्धा भाग गुंडाळून त्या बोळकांडीतून न्यायचा असतो. म्हणून पहिली गोधडी ४८ बाय ६० इंचांची करावी. मुलाला पांघरायला ती पुरते आणि मोठ्यांच्या पायांवर सोफ्यात बसून घ्यायलाही.

मुलांनो, वही काढा. तयार चौकोन ४ इंचांचा हवा असेल तर कापायचा ४½ इंचांचा, कारण चारी बाजूंना पाव-पाव इंच शिवणीत जातो. ४८ भागिले ४ म्हणजे १२ आणि ६० भागिले ४ म्हणजे १५. १२ गुणिले १५, एकूण १८० चौकोन. सहावारी साडी सुमारे ५.५ मीटर म्हणजे २१६ इंच लांब आणि ४५ इंच रुंद असते. काठ सोडून रुंदीत ९ चौकोन बसतात, म्हणजे २० ओळी लागतील, म्हणजे ९० इंच लांबी. अस्तर मात्र चारी बाजूंनी ४ इंच जास्त हवे, ५६ बाय ६८. साडी तेवढी रुंद नाही. म्हणून ५६ इंचांचे दोन तुकडे घेऊन काठाशी काठ जोडायचे (आला की नाही दांड?), त्याला ११२ इंच लागले. ९० अधिक ११२ म्हणजे २०२. चक्क एका साडीत वरचा भाग आणि अस्तर दोन्ही बसतात! अर्थात ही कागदावरची साडी झाली. खरी साडी विरलेली असणार आणि सगळे चौकोन एकाच रंगाचे म्हणजे बुद्धिबळाचा पट एकाच रंगात. दोन-तीन साड्या, आणि कमी पडले तर बाबांचा जुना सुती शर्ट, असे एकत्र करावे.

कापायला कात्रीपेक्षा फिरत्या पात्याची सुरी चांगली. ओल्फा या जपानी कंपनीने ती १९७९ मध्ये आणली आणि क्विल्टचे सगळे जगच बदलून गेले, कारण चार-पाच थर एकदम आणि सरळ कापता येतात. ही सुरी फक्त मोठ्यांनी वापरायची. मुलांचे काम अधिक मानाचे: चौकोन जमिनीवर मांडून कुठला रंग कुणाच्या शेजारी बसेल ते ठरवणे. आमच्या अनुभवात मुलांची नजर या कामात मोठ्यांपेक्षा धीट असते.

तुकडे जोडताना पाव इंचाची शिवण म्हणजे पाव इंचच. ती रेघभर, म्हणजे एक सोळांश इंच, जास्त गेली तर प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजू मिळून एक अष्टमांश इंच जातो. बारा चौकोनांच्या ओळीत ११ शिवणी, म्हणजे ओळ जवळजवळ दीड इंचाने आखूड. सगळ्या ओळी सारख्याच आखूड झाल्या तर एक वेळ चालेल. एक आखूड आणि दुसरी पूर्ण, हे चालत नाही. मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टी लावून पाव इंचाची खूण करावी, त्यासाठी वेगळे काही विकत घ्यायला नको. प्रत्येक ओळ झाली की शिवण एका बाजूला मोडून इस्त्री. पहिल्या ओळीची उजवीकडे, दुसरीची डावीकडे, म्हणजे ओळीला ओळ जोडताना शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि कोपरे जुळतात. इस्त्री दाबायची, घासायची नाही. घासली की कापड तिरके ताणले जाते.

शिवणाला बसण्याआधी एका चिंधीवर टीप तपासून घ्यावी. वरचा दोरा आणि खालच्या बॉबिनचा दोरा यांची गाठ कापडाच्या पोटात पडायला हवी. बॉबिनचा दोरा वर दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे, आकडा कमी करावा. खाली दोऱ्याचे जाळे होत असेल तर बहुतेक वेळा दोष ताणाचा नसतो: प्रेशर फूट खाली असताना दोरा ओवला की तो ताणाच्या चकत्यांमध्ये शिरतच नाही. फूट वर उचलून परत ओवावा. दहातल्या नऊ वेळा मशीन ‘आपोआप’ बरे होते, आणि दुरुस्तीवाल्याकडची फेरी वाचते.

आता थर. अस्तर उलटे करून जमिनीवर पसरायचे, ताठ पण ताणलेले नाही, आणि कडेने चिकटपट्टी लावायची. त्यावर बॅटिंग, त्यावर वरचा भाग. बॅटिंगऐवजी जुन्या साड्यांचेच तीन-चार थर घालायचे असतील तर तेही मशीनला झेपते; सुई मात्र ९०/१४ ची जाड घ्यावी. पण एक लक्षात ठेवावे. बॅटिंग कापडाला धरून बसते, तर साडीवर साडी घसरते. बॅटिंग असेल तर चार-चार इंचांवर सेफ्टी पिना पुरतात, नुसत्या साड्या असतील तर तीन इंचांवर लावाव्यात किंवा हाताने मोठे कच्चे टाके घालावेत. मध्यापासून कडेकडे हात फिरवत जायचे.

आणि इथे तो मुख्य मुद्दा येतो. आपल्याकडच्या पुष्कळ गोधड्या नीट पाहा. धावदोरा कडेने सुरू होतो, चौकटीमागून चौकट घालत आत आत जातो आणि शेवटी मध्यावर पोचतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या बाजूला, आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बायका कवंद नावाची सुंदर गोधडी करतात, तीही कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने मध्याकडे येते. इथली मशीनची पुस्तके मात्र बजावून सांगतात: मध्यापासून सुरू करा आणि बाहेर जा. खरे कोणाचे?

दोघांचेही. हाताने शिवताना टाका कापडाला कुठेच ढकलत नाही. सुई वर-खाली जाते, डावा हात प्रत्येक टाक्याला खालचा थर चाचपून सपाट करतो, आणि पुढे थोडी सैल पडलेली जागा हाताखाली हळूहळू सामावली जाते. कडा आधी पक्क्या केल्या की मांडीवर उलटसुलट करताना थर निसटत नाहीत. मशीनचे तसे नाही. खालचे दाते कापड पुढे ओढतात ते फक्त तळच्या थराला. वरचा थर प्रेशर फूटखाली घासत मागे राहतो. प्रत्येक टाक्याला केसाएवढाच फरक पडतो, पण ६० इंचांच्या रेघेत असे चारशे-पाचशे टाके असतात आणि फरक साठत जातो. वरचे जादा कापड फूटपुढे लाटेसारखे सरकत जाते. कडेपासून सुरुवात केली असेल तर त्या लाटेला जायला वाट नसते. ती मध्ये येऊन अडकते आणि तिथे चुणी पडते. मध्यापासून बाहेर गेले तर ती कडेतून निघून जाते, आणि नंतर कड कापायचीच असते.

म्हणून हातात सुई असेल तर आजीचा क्रम, मशीन असेल तर उलटा. त्याच्या जोडीला वॉकिंग फूट नावाचा जोड मिळतो, त्याला स्वतःचे दाते असतात आणि तो वरचा थरही तेवढाच पुढे नेतो. तो घ्यावाच. या सगळ्या कामात नवीन खर्च करण्यासारखी वस्तू आमच्या मते ती एकच.

रेघांचाही क्रम आहे. आधी बरोबर मधली उभी रेघ, मग मधली आडवी. मग प्रत्येक अर्ध्याची मधली, मग पावाची मधली. संगणकवाल्या आईबाबांना ही पद्धत ओळखीची वाटेल. फायदा असा की मोठे भाग आधी जागच्या जागी बसतात आणि राहिलेली सैल जागा लहान लहान हिश्शांत वाटली जाते. दोन रेघांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते बॅटिंगच्या पाकिटावर छापलेले असते. जुन्या साडीसाठी आम्ही तेही न पाहता दोन इंच धरतो, कारण नाजूक कापड जितके जास्त ठिकाणी धरलेले तितके कमी ओढले जाते. टाका मात्र मोठा ठेवायचा, तीन ते साडेतीन मिलिमीटर. बारीक टाके जुन्या कापडाला टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोके पाडतात, आणि तिकीट फाटते तसे कापड त्याच रेघेवर फाटते. गोधडीचा भार डाव्या हाताला आणि मागे टेबलावर राहील असे बघावे. ती खाली लोंबली की सुई वाकते आणि टाके लहान-मोठे पडतात.

शेवट म्हणजे कडेचा गोट. शिवून झाल्यावर चारी कोपरे काटकोनात कापायचे. गोटाची लांबी: दोनदा ४८, दोनदा ६०, मिळून २१६, अधिक जोडासाठी १२, एकूण २२८ इंच. अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. दुकानातल्या कापडाच्या एका पट्टीतून जोड वगळता सुमारे ४० इंच मिळतात, म्हणजे सहा पट्ट्या, १५ इंच कापड. (कापडाची मोठी साखळी जोॲन २०२५ मध्ये बंद झाली, पण गावोगावची क्विल्टची छोटी दुकाने आहेत आणि तिथली माणसे प्रश्नांना कंटाळत नाहीत.) गोटासाठी जुनी साडी नको. सगळ्यात जास्त झीज कडेलाच होते, तिथे नवे कापड हवे. पट्ट्या एकमेकींना तिरक्या जोडायच्या, म्हणजे जाड गाठ एका जागी येत नाही. मग पट्टी लांबीत दुमडून, मोकळ्या कडा गोधडीच्या कडेला लावून पाव इंचावर टीप. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबायचे, पट्टी आधी सरळ वर आणि मग खाली दुमडायची, की कोपऱ्यात आपोआप तिरकी घडी पडते. दुसरी बाजूही मशीननेच शिवायची असेल तर पट्टी आधी मागून जोडावी आणि पुढे वळवून टीप मारावी, म्हणजे दिसणारी रेघ आपल्या नजरेखाली पडते. आम्ही मात्र हा शेवटचा फेरा हाताने घालतो. बातम्या बघता बघता होतो.

सिद्दी बायका कवंदच्या कोपऱ्यांत कापडाचे छोटे दुमडलेले त्रिकोण बसवतात. त्यांना फुला म्हणतात, आणि फुलांवाचून कवंद उघडी समजली जाते. तीन इंचांचा चौकोन दोनदा तिरका दुमडून गोट शिवण्याआधी कोपऱ्यात अडकवला की झाले. हे काम मुलांना सहज जमते.

पहिली धुलाई थंड पाण्यात, मशीनच्या हलक्या फेऱ्यावर. कापसाचे बॅटिंग थोडे आटते आणि सगळ्या गोधडीवर बारीक चुण्या येतात. घाबरू नये, त्याने ती जुन्या गोधडीसारखी दिसू लागते.

धुतल्यावर मागच्या कोपऱ्यात एक पांढरा तुकडा शिवायचा आणि त्यावर लिहायचे. इथल्या म्युझियममध्ये कितीतरी जुन्या क्विल्टांखाली ‘करणारीचे नाव अज्ञात’ अशी पाटी असते. आपल्या तुकड्यावर साडी कुणाची, त्या कुठल्या गावच्या, गोधडी कुणी शिवली, वर्ष आणि इथले गाव, एवढे मराठीत असावे. अक्षर वर्गातल्या मुलाने काढावे, मग ते कसेही असो. कापडावर लिहायचे न जाणारे पेन मिळते. लिहून वाळल्यावर उलट बाजूने गरम इस्त्री फिरवायची. कापड पेनाखाली सरकू नये म्हणून मागे सँडपेपर ठेवावा. आणि शिरोरेघ आधी पट्टीने पेन्सिलीत आखून घ्यावी, अक्षरे तिच्याखाली लटकवावीत. नाहीतर ओळ डोंगर चढू लागते आणि आजीचे नाव गोटात जाते.